उंबरकड्याचा ऐवज

उंबरकड्याला सकाळच्या वेळी गेलात, तर एखादी बाई रिकाम्या हातानं लगबगीनं कुठंतरी निघालेली दिसेल. कुठं चाललात म्हणून विचारलंत, तर सहज सांगेल, "ऐवज आणायला." परक्या माणसाला वाटतं, बँकेत चालली असेल, नाहीतर सोनाराकडे. बाई मात्र दोन घरं ओलांडून एका दारात उभी राहते, आत हाक मारते, घटकाभर बोलत बसते आणि परत येते तेव्हा तिच्या हातात मिक्सरच्या भांड्याचं झाकण असतं. संध्याकाळी तेच झाकण घेऊन ती पुन्हा त्याच दारात जाते आणि "ऐवज ठेवायला आले" म्हणते. पाहुण्यांना हसू येतं, आणि गावाला त्याचं काही वाटत नाही.

आपल्याकडे ऐवज हा शब्द भेटतो तो पंचनाम्यात, नाहीतर वर्तमानपत्रात. घरफोडी झाली की एवढ्या किमतीचा ऐवज लंपास झाला असं छापून येतं आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पाटल्या, चपलाहार, चांदीची ताटं उभी राहतात. गावाला जाताना कुलूप दोनदा ओढून बघणारं माणूस "आत ऐवज आहे" म्हणतं, तेही याच अर्थानं. उंबरकड्याला हा अर्थ ठाऊक नाही असं नाही. तिथल्याही कपाटांत सोनं आहे, पण त्याला ते नुसतं सोनं म्हणतात. ऐवज म्हणतात ते अशा वस्तूला, जी नसली की सकाळचं काम अडेल आणि जी मुद्दाम दुसऱ्याच्या घरी ठेवलेली असते. हे असं का, ते कळायला गावामागच्या कड्यातली कपार बघावी लागते, आणि ती दाखवायचं काम तुळाजीबाबांचं.

तुळाजीबाबा चढण चढताना बोलत नाहीत. वर पोचल्यावर कुणी कपारीला गुहा म्हटलं, तर मात्र त्यांना राग येतो. "गुहा वाघाची असती. ही म्हाळूआईची कपार हाय," म्हणतात, आणि चपला बाहेर काढायला लावतात. आत ना मूर्ती, ना घंटा. भिंतीत ओळीनं खोदलेले कोनाडे आहेत आणि बहुतेक कोनाड्यांत जात्याचा एकेक लाकडी खुंटा उभा आहे. हातांच्या घामानं आणि वर्षांनी ते इतके काळे पडलेत की पटकन दगडाचेच वाटावेत. बाबा कपारीच्या तोंडाशी एका शिळेवर टेकतात, टोपी काढून मांडीवर ठेवतात आणि सांगायला लागतात. आजवर किती वेळा सांगितलं असेल त्याला गणती नाही, तरी ते घाई करत नाहीत.

फार पूर्वी, मुलखात धामधूम होती त्या काळातली ही हकिकत. म्हाळूआई म्हणजे म्हाळसा, ती मूळची या गावची नव्हे. तिचा नवरा सटवाजी पाथरवट खंडोबाच्या देवळाच्या पायऱ्या घडवायला म्हणून इथं आला आणि नवराबायकोनं कपारीत बिऱ्हाड थाटलं. पायऱ्या पुऱ्या व्हायच्या आत दरड कोसळून सटवाजी गेला. म्हाळसाच्या माहेरी कोणी उरलं नव्हतं आणि सासरचा पत्ता नवऱ्याबरोबरच गेला होता, म्हणून ती आहे तिथंच राहिली. नवऱ्याची हत्यारं होती. ती हाती धरून ती गावातल्या जात्यांना टाकी लावू लागली. दळून दळून जात्याची तळी गुळगुळीत झाली की पीठ भरड पडतं, मग छिन्नीनं तिला पुन्हा खाचे पाडावे लागतात. म्हाळसाचा हात त्या कामात असा बसला होता, की तिनं टाकी लावलेल्या जात्याचं पीठ बायका चिमटीत धरून एकमेकींना दाखवत.

पण जात्याला टाकी लागते वर्षातून एखाद्या वेळी. त्या दिवशी ती घरात येई, सोप्यात बसून काम करी, सुपातून दाणे घेई आणि कड्यावर परते. एरवी तिच्या वाटेला कोणी फिरकत नसे. गाव वाईट नव्हतं बरं का. कुणी तिला कधी टाकून बोललं नाही, कुणी तिचे दाणे बुडवले नाहीत. तिच्याकडे कुणाचं काम नसे, एवढंच. आणि खालच्या विहिरीपासून कपारीपर्यंतची चढण अशी उभी, की कामाशिवाय ती चढायची बुद्धी कुणाला होणार? म्हाळसा रोज एक भाकरी जास्त थापायची, म्हणे. न जाणो, कुणी आलं तर. कुणी येत नसे आणि ती भाकरी ती दुसऱ्या दिवशी शिळी करून खाई.

मग एका वर्षी, पिकं डोलत असताना, लुटारूंची धाड येतेय अशी आवई उठली. पलीकडच्या खोऱ्यातली गावं जळताना दिसू लागली तेव्हा आवईची खात्री झाली. गावाची पाचावर धारण बसली. घाटाच्या नाळेनं, म्हणजे कड्यातल्या अरुंद घळीनं, कोकणात उतरायचं ठरलं. माणसं आणि गुरं उतरतील, पण ऐवजाचं काय? बरोबर न्यावा तर नाळेत वाटमारे बसलेले. घरात पुरावा तर लुटारू पहिली कुदळ घालतात ती चुलीखालीच. पाटील होता रखमाजी नावाचा. त्यानं डोकं चालवलं आणि म्हणाला, पाथरवटाच्या विधवेच्या दारात सोनं कोण शोधणार?

इकडे धाडीची बातमी म्हाळसाच्याही कानावर गेली होती. तिनं हत्यारं, तवा आणि नेसूचं जुनेर असं बोचकं बांधलं आणि ते मांडीवर घेऊन ती कपारीच्या तोंडाशी बसली. गाव निघालं की आपणही मागून निघू, अशा बेतानं. तेवढ्यात चढणीवर माणसं दिसली. एकामागोमाग एक, अख्खं गाव तिच्या दाराकडे येत होतं. तिला वाटलं, आपल्याला न्यायला आले. एवढा आनंद त्या बाईला जन्मात झाला नसेल, असं तुळाजीबाबा सांगतात.

माणसं आली ती फडक्यांत बांधलेल्या पुरचुंड्या घेऊन. कुणाच्या पुतळ्या, कुणाचा कमरपट्टा, कुणाचे देवघरातले चांदीचे टाक. रखमाजी पाटलानं सगळं समजावून सांगितलं. म्हाळसा एकदा पाटलाकडे आणि एकदा बोचक्याकडे बघत राहिली. बोचकं कशाला बांधलंय, हे कुणी विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही. तिनं ते सोडलं आणि आतली छिन्नी काढली. सगळ्यांच्या देखत तिनं घरटी एक कोनाडा पाडायला घेतला, त्यात ज्याची त्याची पुरचुंडी ठेवून वर दगडाची अशी चीप बसवली की नख जाईल एवढीही फट दिसू नये. काम पुरं व्हायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. निघताना प्रत्येकानं तिचे हात हातात घेतले. "जीव ठेवून चाललो गं म्हाळसाबाई," असं जो तो म्हणाला. तिनं एवढंच विचारलं, की परत कधी येणार. पाऊस सरला की, असं पाटील म्हणाला.

लुटारू आले. गावात काही हाती लागेना म्हणून त्यांनी घरं पेटवून दिली. कड्यावर धूर दिसला म्हणून त्यांतले काही वर चढले. बघतात तर एक बाई आणि दगडांचा ढीग. म्होरक्या मुरलेला होता. एवढं गाव पळालं आणि ही एकटी मागं का राहिली, हा प्रश्न त्याला पडला. आधी त्यानं गोडीगुलाबीनं विचारलं, मग दरडावलं. म्हाळसानं ब्र काढला नाही. शेवटी तिचाच हातोडा घेऊन त्यांनी तिचा उजवा हात शिळेवर धरून ठेचला. ती शिळा म्हणजे बाबा बसतात तीच. ती ओरडली, रडली, पण नजर एकदाही भिंतीकडे गेली नाही, असं सांगतात. पिठाचं मडकं तेवढं घेऊन लुटारू निघून गेले.

जखम भरली, पण बोटं मिटेनात. त्या हातात पुन्हा छिन्नी ठरली नाही.

पाऊस सरला, तरी गाव आलं नाही. दुसराही सरला. खाली कोकणात माणसं कुणाकुणाच्या बागेत राबायला राहिली होती. वर धामधूम चालूच आहे अशा बातम्या येत होत्या आणि पोरंबाळं घेऊन परतायचा धीर कुणाला होत नव्हता. किती वर्षं गेली याबद्दल गावात एकमत नाही. एवढी नक्की गेली, की जळालेल्या घरांच्या जोत्यांवर बोरी-बाभळी वाढल्या. म्हाळसा कंद, रानभाजी, डाव्या हातानं टोकलेली मूठभर नाचणी यांवर राहिली. निघून जायला तिला कोण अडवणार होतं? पण भिंतीत सगळ्यांचे जीव होते.

आणि खरं सांगायचं, तर तो ऐवजच तिची सोबत झाला. सकाळी उठून ती भिंतीपाशी जाई. एकेका चिपेवर हात ठेवी आणि त्या घरच्या बाईला नाव घेऊन तिचं तिथंच असल्याचं सांगे, "तुपलं हाय गं, भिमा. तुपलं हाय, चिमाबाई." मग दिवसभर त्या घरांविषयी मनाशी बोलत राही. चिमाबाईचे गुडघे कसे असतील, भिमाला मूल झालं असेल का. भिमा म्हणजे पाटलाची सून. गावात असताना या दोघी म्हाळसाशी दाण्यांपलीकडे काही बोलल्या असतील असं नाही. पण भिंतीतली भिमा तिच्याशी रोज बोलायची.

अखेर एका वर्षी गाव परतलं. चढणीवर माणसं दिसली तेव्हा म्हाळसानं डाव्या हातानं एकेक चीप काढायला सुरुवातही केली होती. ज्याची पुरचुंडी त्याच्या हातात गेली. मारलेली गाठ जशीच्या तशी, गुंज कमी नाही. माणसं ढसाढसा रडली. कुणी तिच्या पायांवर डोकं ठेवलं, कुणी तिचा ठेचलेला हात कपाळाला लावला. पाटलानं ऐवजातला वाटा देऊ केला, तर तिनं मान हलवली. तिनं सगळ्यांना बसायचा आग्रह केला. भाकरी टाकते म्हणाली. पण खाली पडलेली घरं उभी करायची होती, माणसांना घाई होती. दिवस कलायच्या आत सगळे खाली उतरले.

मागं राहिले ते रिकामे कोनाडे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सवयीनं भिंतीपाशी गेली. हात कुठं ठेवायचा आणि नाव कुणाचं घ्यायचं, ते तिला कळेना.

गाव तिला विसरलं, असं मात्र कुणी म्हणू नये, बाबांना ते चालत नाही. गावानं तिला देवी केलं. सुगी झाली की घरटी दाणे, सणाला पुरणपोळी, दिवाळीला लुगडं, सगळं न चुकता जाई. पण ते चढणीच्या पायथ्याशी एका दगडावर ठेवलं जाई. तिला उगाच कशाला त्रास, अशा आदरानं. रस्त्यात दिसली तर बायका पदर सावरून बाजूला होत. आता देवीशी गप्पा मारायला कोण जातं? टाकी लावायला शेजारच्या गावचा पाथरवट येऊ लागला होता, त्यामुळे वर्षातून एकदा सोप्यात बसायचं तेही संपलं. पोटाची ददात नव्हती, पण माणसाचा शब्द महिनोन् महिने कानावर पडत नव्हता. भिंतीत सोनं होतं तेव्हा वाट तरी बघता येत होती, आता तीही बघायला नको. एवढी एकटी ती लुटारूंच्या वेळीही नव्हती. ती उरलेली भाकरी शिळी करून खाई आणि दगडाकडे बघत बसे.

मग बाजरीच्या कापणीचे दिवस आले. सारं गाव शिवारात होतं, दारं नुसती लोटलेली. म्हाळसा पाटी घेऊन खाली उतरली आणि घरोघर शिरली. कोणत्या घरात जातं कुठं आहे, ते तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? सोन्याच्या पेट्यांना तिनं हात लावला नाही. प्रत्येक जात्याचा खुंटा तेवढा हलवून ओढून काढला, पाटीत टाकला आणि ती कपारीत परत आली.

पहाटे बायका दळायला बसल्या आणि घरोघरी एकच गलका झाला. जातं जागच्या जागी, खुंटा गायब. ओढायचं कशाला धरून? घरातलं मिळेल ते लाकूड ठोकून पाहिलं, तर ते दोन फेऱ्यांत निखळून हातात आलं. नीट बसेल असा खुंटा घडवायला सुतार हवा, आणि सुतार बाजाराच्या गावी. पोरं भुकेनं रडायला लागली, कापणीला जायचे गडी खोळंबले. सोनं सोडून लाकडं चोरणारा हा कोण वेडा चोर, म्हणून जो तो कपाळाला हात लावू लागला. चढणीच्या पायथ्याशी एक खुंटा पडलेला सापडला तेव्हा कुठं माग लागला. भिमा पुढं झाली, मागोमाग सगळ्या बायका निघाल्या. भिमा तापट होती आणि घरात पोर रडत होतं, तेव्हा देवीबिवी ती विसरून गेली होती.

कपारीत चूल पेटलेली होती. भाकऱ्यांची चवड रचलेली होती. वाटेत पडलेला तो एक सोडला तर कोनाड्याकोनाड्यात ज्याचा त्याचा खुंटा उभा होता, पूर्वी ज्या घराचं सोनं जिथं होतं, बरोबर तिथंच. भिमानं आपला ओळखला आणि संतापून विचारलं, "म्हाळसाबाई, आमचा ऐवज राखलास, जीव गेला तरी बोलली न्हाईस. आन आता ही लाकडं कशाला चोरलीस?"

म्हाळसा चुलीपाशीच बसून होती. ती म्हणाली, "भिमा, सोन्यावाचून तुमचं इतकी वर्सं भागलं. ह्या लाकडावाचून एक सकाळ भागली न्हाई. मंग तुमचा ऐवज कंचा, ते तूच सांग."

चिमाबाई पुढं आली आणि तिनं विचारलं, बाई, तुला काय हवंय ते तरी सांग, गाव देईल.

"मला काय नको," म्हाळसा म्हणाली. "तुमी आलात. आता न्या आपापलं. भाकरी तेवढी खाऊन जा."

भिमा तिच्याशेजारी चुलीपाशी बसली. तिला ते बोचकं आठवलं, असं सांगतात. त्या दिवशी सासऱ्याच्या मागं उभी असताना तिनं ते म्हाळसाच्या मांडीवर बघितलं होतं आणि बघून न बघितल्यासारखं केलं होतं. ती रडली आणि तिनं ते सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. मग बायकांनी भाकरी खाल्ली, भिमानं आपल्या पोरासाठी एक पदरात बांधून घेतली आणि खुंटे घेऊन सगळ्या खाली गेल्या. चिमाबाईचे गुडघे दुखत होते, ती तेवढी थोडा वेळ मागं राहिली.

म्हाळसाला वाटलं, झालं, एक दिवस आपला होऊन गेला. ती चुलीत राख सारत होती. संध्याकाळी चढणीवर भिमा दिसली, कडेवर पोर आणि हातात खुंटा. ती सरळ आत आली आणि खुंटा तिनं आपल्या कोनाड्यात उभा केला.

"मपला ऐवज ठेवायला आले," भिमा म्हणाली. "पहाटं न्यायला येते."

तिच्या मागून दुसरी आली, मग तिसरी. तेव्हापासून उंबरकड्याचं दळण म्हाळसाच्या दारावरून सुरू होऊ लागलं. पहाटे कुणीतरी खुंटा न्यायला, संध्याकाळी कुणीतरी ठेवायला. खुंट्याच्या निमित्तानं घरातली भांडणं वर जायची, बाळंतपणाच्या बातम्या वर जायच्या, ताकाचा गडू वर जायचा. चढण तेवढीच उभी होती, पण आता तिच्यावर पायवाट पडली. जास्तीची भाकरी पुन्हा कधी शिळी झाली नाही, म्हणे.

म्हाळसा गेली ती एका पहाटे. खुंटा न्यायला आलेल्या भिमाला ती भिंतीपाशी बसलेली सापडली, डावा हात एका कोनाड्यावर ठेवलेला. त्या दिवशी गावात जातं फिरलं नाही, आणि ते खुंटे तिथून कुणी पुन्हा हलवले नाहीत. कोनाड्यांत आज दिसतात ते तेच. गावानं नवे खुंटे घडवून घेतले. पहिल्या संध्याकाळी नवा खुंटा हातात घेऊन भिमा अंगणात उभी राहिली, आता हा ठेवायचा कुठं म्हणून. गावात केरू गुरव होता, म्हातारा, मागं-पुढं कोणी नसलेला. भिमा त्याच्या दारात गेली आणि म्हणाली, "बाबा, एवढा ऐवज ठेवा."

आता जाती राहिली नाहीत. पीठ गिरणीतून येतं, आणि खुंट्याची जागा मिक्सरच्या झाकणानं, गॅसच्या लायटरनं, पोळपाटावरच्या लाटण्यानं घेतली. रीत मात्र तीच आहे. ज्या घरात एकच माणूस उरतं, त्या घरी शेजारपाजारच्या घरांतली अशी एकेक वस्तू ठेवायला जाते, जिच्यावाचून दुसऱ्या दिवशीची सकाळ अडेल. दोन लायटर घ्यायला कुणाला परवडत नाही असं नाही, पण उंबरकड्यात ते कुणी घेत नाही. आणि ज्याच्याकडे ऐवज असतो, त्यानंही सकाळी दार उघडायचं, ठेवलेलं काढून द्यायचं, बसा म्हणायचं. त्याला अंथरुणात तोंड खुपसून पडून राहण्याची सोय नाही.

इथपर्यंत आलं की तुळाजीबाबा टोपी झटकून डोक्यावर घालतात. पाहुण्यांना आणखी विचारायचं असतं, कोनाड्यांचे फोटो काढायचे असतात, कुणाला कड्यावरून सूर्यास्त बघायचा असतो. बाबांचं लक्ष नसतं. त्यांची बायको जाऊन बरेच दिवस झाले, मुलगे सुरतेला असतात. ते मावळतीकडे बघतात आणि चपला पायांत सरकवतात.

"चला आता," म्हणतात. "सरूबाई गाळणी ठेवायला येईल. दार लावल्यालं दिसलं तर माघारी जायची."

आजही त्या उभ्या चढणीवरून उतरताना म्हातारे तुळाजीबाबा पाहुण्यांच्या बरेच पुढं असतात.